लाडू पचला का, ते आधी सांगा

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी आयुर्वेद एकदम मनावर घेतला. थंडीत पौष्टिक खावं, डिंक-खारीक-खोबरं पोटात जावं, तुपाला नाही म्हणू नये, हे लहानपणापासून कानावर होतंच. त्यात मोबाइलवर रोज दहा जण तेच सांगत होते. आईनं डिंकाचे लाडू वळून मोठा डबा भरला आणि मी सकाळी चहाबरोबर दोन, रात्री दुधाबरोबर एक असा रतीब लावला. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सकाळी दहाला खुर्चीत बसलो की जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळी सातलाच उठतो.

तीन आठवड्यांत अंगात ताकद येण्याऐवजी जिभेवर पांढरा थर आला. दुपारी आंबट ढेकर, सकाळी उठताना अंग जड, आणि पट्टा एक भोक पुढं. मित्र म्हणाला, "काय बे, हे बाळसं का सूज?"

गेलो वैद्यबाईंकडे. मनात तक्रार तयार होती, की तुमच्या शास्त्रात सांगितलंय तेच केलं, मग असं का? त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर भूक लागते?"

"चहा लागतो."

"चहाचं नाही विचारलं. भूक."

मी गप्प. "मग लाडू कशावर खाता? आधीचा पचला का, ते आधी सांगा. शास्त्र नंतर बघू."

त्या एका प्रश्नामुळं मी ते शास्त्र खरंच उघडून वाचलं. संस्कृतचं माझं ज्ञान शाळेपुरतंच, पण मराठी अर्थासकट छापलेल्या प्रती मिळतात. वाचल्यावर कळलं, की थंडीत काय खावं याची यादी सगळ्यांना पाठ आहे. ती यादी कुठल्या अटीवर दिली आहे, ते मात्र सांगताना गळून जातं.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात, म्हणजे पहिल्या भागात, सहावा अध्याय आहे, त्यात कोणत्या ऋतूत कसं वागावं हे सांगितलंय. हेमंताबद्दलची ओळ अशी: "शीते शीतानिलस्पर्शसंरुद्धो बलिनां बली । पक्ता भवति हेमन्ते मात्राद्रव्यगुरुक्षमः". म्हणजे थंडीच्या दिवसांत गार वारा अंगाला लागतो, त्यानं आतला अग्नी आतच कोंडला जातो आणि बलवान माणसांच्या पोटातला हा अग्नी आणखी बलवान होतो. इतका, की प्रमाणानं जास्त आणि मुळात जड असलेलं अन्नही तो पेलू शकतो.

अग्नी म्हणजे पोटात पेटलेला जाळ नव्हे. खाल्लेल्याचं रस, रक्त, मांस, हाडं यांत रूपांतर करणारी जी काही ताकद आहे, तिला आयुर्वेद अग्नी म्हणतो. आणि तो कोंडला जातो म्हणजे काय, हे कळायला आपल्याकडं पुस्तकाची गरज नाही. हुरड्याची आगटी आठवा. उघड्यावर पेटवलेल्या गवऱ्या भुरुभुरु जळून जातात. त्याच खड्ड्यात घालून वरून राखेनं झाकल्या, की आतला विस्तव तासन्‌तास धरून राहतो आणि कणीस आतपर्यंत भाजतो. थंडीत शरीराची आगटी होते, असं समजा.

आजचं शरीरशास्त्र आपल्या भाषेत सांगतं, की थंडी वाजली की कातडीकडचा रक्तपुरवठा आवळला जातो, उष्णता आत राखली जाते आणि शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायला जास्त इंधन लागतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणत नाही. अग्नी मोजायचं यंत्र नाही, आणि जुन्या शब्दांना नव्या शब्दांची ठिगळं लावली की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. एवढं मात्र खरं, की दोन्हींकडं सुरुवात गार वारा अंगाला लागण्यापासून होते. माझ्या अंगाला तो लागत होता कुठं? गिझरचं पाणी, स्वेटर, बंद खिडकीची केबिन.

आता त्या ओळीतले दोन शब्द. पहिला "बलिनां". बलवान माणसांचा. सगळ्यांचा नव्हे. ज्याच्या अंगात बळ आहे, जो राबतो, त्याच्याबद्दल हे बोलणं चाललंय. हेमंतात तेल चोळून घ्यावं, व्यायाम करावा, हेही ऋतुचर्येत सांगितलेलंच आहे. लाडवाच्या यादीत ते कुणी लिहीत नाही. दुसरा शब्द "क्षमः". जड अन्न पेलायला समर्थ. समर्थ असणं वेगळं आणि रोज पेलायलाच पाहिजे असं असणं वेगळं. दहा पोती उचलू शकणाऱ्या हमालाला आपण काही विनाकारण दहा पोती उचलायला लावत नाही.

पुढचा श्लोक मात्र उलट बाजूनं कान धरतो. एवढा पेटलेला अग्नी आहे आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही, तर तो शरीरातलाच रस जाळतो आणि मुळात गार असलेला वात थंडीत भडकतो. म्हणून हेमंतात हलकं, वातूळ, अगदी मोजकं खाऊ नये आणि गार पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ पिऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय. एक जानेवारीपासून डाएट सुरू करणाऱ्यांनी हे वाचावं. म्हणजे भूक असताना उपाशी राहणं चूक आणि भूक नसताना खात सुटणं चूक. सगळं शेवटी भुकेवर येऊन थांबतं, आणि ती ज्याची त्यालाच कळते.

वात हा शब्द आलाच आहे तर सांगतो, वात म्हणजे गॅस नव्हे. गॅस धरणं हा त्याचा एक उद्योग, इतकंच. कोरडेपणा, हलकेपणा, गारवा, खरखरीतपणा, हलतं राहणं हे वाताचे गुण मानले आहेत. टाचा फुटतात, ओठ उलतात, गुडघे कटकट वाजतात, शौचाला खडा होतो: थंडीतल्या या तक्रारी एका पिशवीत घातल्या, की आयुर्वेद त्या पिशवीवर वात असं लिहितो. त्यावर उतारा म्हणजे उलट गुण. स्निग्ध, उष्ण, जरा जड. सहा चवींपैकी गोड, आंबट आणि खारट या तीन चवी वात कमी करतात, तिखट, कडू आणि तुरट वाढवतात. म्हणून थंडीच्या पथ्यात पहिल्या तिघींना मान.

इथंपर्यंत पुस्तक. आता सोलापूर.

आयुर्वेदात ऋतूइतकाच देश महत्त्वाचा, म्हणजे तुम्ही राहता ती जमीन, तिथलं पाणी आणि वारा. पाणी कमी, झाडी विरळ, वारा कोरडा, अशा मुलखाला जांगल देश म्हणतात आणि तिथं वात मुळातच जास्त असतो. हे वर्णन वाचून मला होटगी रोडनं बाहेर पडल्यावरचं माळरान दिसलं. आपल्याकडं थंडी म्हणजे काय? पहाटे पारा १५ च्या खाली जातो, एखाद्या रात्री आणखी उतरतो, आणि दुपारी ३० च्या आसपास ऊन. बर्फ नाही, धुकं फार नाही. काश्मीरच्या थंडीसाठी लिहिलेलं इथं जसंच्या तसं लावलं, तर दुपारी घाम आणि पित्त. सोलापूरच्या हिवाळ्याचा खरा त्रास गारव्यापेक्षा कोरडेपणाचा आहे. त्यामुळं "गरम पदार्थ खा" यापेक्षा "स्निग्ध खा" हा सल्ला आपल्याला जास्त लागू पडतो. हे माझं वाचन आहे. वैद्यबाईंनी मान हलवली, एवढं खरं.

पण इथली मुख्य भाकरी ज्वारीची. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. मालदांडी हे वाण तर मोहोळच्या संशोधन केंद्राशी जोडलेलं. आणि ज्वारी गुणानं कशी? रूक्ष. त्यातही आपण एक पाऊल पुढं गेलो आणि कडक भाकरी काढली. पापडासारखी पातळ थापून, तव्यावर आणि आरावर सगळं पाणी उडवून टाकलेली, जी डब्यात कितीतरी दिवस टिकते. कोरड्या मुलखात, कोरड्या ऋतूत, कोरड्या धान्याची, मुद्दाम कोरडी केलेली भाकरी. पुस्तक हातात घेऊन बघितलं तर हा वाताला आवतण देण्याचा प्रकार आहे.

मग माझी आजी नव्वदीपर्यंत काय खाऊन टुणटुणीत राहिली?

तिचं ताट डोळ्यांपुढं आणा. कडक भाकरीचा तुकडा मोडला, की तो कधी नुसता तोंडात जायचा नाही. शेंगाचटणीचा डोंगर, त्यात बोटानं खळगा, खळग्यात गोडंतेल. नाहीतर चटणीवर घट्ट दही. ताजी भाकरी असली तर तिचा पापुद्रा उचकटून आत लोण्याचा गोळा, भाकरीच्या वाफेनंच तो पाघळायचा. शेंगाची चटणी आपल्याकडं दळत नाहीत, उखळात कुटतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून मुसळाचे घाव घालत गेलं, की दाण्यातलं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा व्हायला लागतो. मिक्सरची भुकटी वेगळी आणि ही वेगळी, ते बोटांना कळतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. म्हणजे रूक्ष भाकरीच्या शेजारी ताटात स्निग्धाची सोय करून ठेवलेली होती. आजीला वात हा शब्द फक्त गुडघ्यापुरता माहीत होता, पण भाकरी कोरडी खाल्लेली तिला बघवायची नाही. "घशात अडकंल की रं, तेल घाल," म्हणायची.

गंमत अशी, की चरकाला शेंगदाणा माहीतच नव्हता. मिरचीही नाही. दोन्ही अमेरिका खंडातल्या, आणि पोर्तुगीज गलबतं भारताच्या किनाऱ्याला लागली तीच १४९८ साली. मग संहितेत नसलेल्या पदार्थाचं करायचं काय? इथंच आयुर्वेदाची रीत उपयोगी पडते. पदार्थाचं नाव यादीत शोधायचं नाही, गुण बघायचे. शेंगदाणा स्निग्ध आहे, जड आहे, जास्त झाला तर पित्त खवळवतो, हे खाणाऱ्याला अनुभवानं कळतंच. मग त्याची जागा आपोआप ठरते, थंडीत भाकरीबरोबर भरपूर, वैशाखात हात आखडून. ही रीत हाताशी असली तर ओट्सपासून पीनट बटरपर्यंत काहीही समोर आलं तरी अडत नाही.

बाजरीचंही तेच. बाजरी उष्ण आणि तीही रूक्षच. म्हणून भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात. तिळातही निम्म्याच्या आसपास तेल. शेजारी लोणी आणि लेकुरवाळी भाजी: गाजर, वांगं, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, ऊस, शेंगदाणे. त्या दिवशी लक्ष्मी मंडईत या भाज्यांचे वाटे मांडून ठेवलेले असतात, आणि ते बघितलं की हेमंताचं पान वेगळं वाचायला नको.

तेलाचं प्रकरण आपल्या गावात एवढं मुरलेलं आहे, की सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची सुरुवातच यण्णीमज्जनानं होते. कानडीत यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, शहरातून ६८ लिंगांना जातात, तिथं तैलाभिषेक होतो. धार्मिक विधीचा अर्थ आरोग्यात शोधायची खोड मला नाही, विधी विधीच्या जागी असू दे. पण ऐन संक्रांतीच्या थंडीत देवाला तेल लागतं आणि आपण मात्र अंगाला साबण चोळून टाचेच्या भेगांसाठी मलम आणतो, याचं हसू येतं.

आता हुरडा. त्याच्याबद्दल थोडं जास्तच बोलणार, कारण थंडीतलं आयुर्वेदाचं एक बारीक कलम त्यात सापडतं.

आयुर्वेदाला नवं धान्य एरवी फारसं आवडत नाही. नवं धान्य जड, कफ वाढवणारं. वर्षभर जुनं झालेलं हलकं, पचायला सोपं. म्हणून पथ्याला जुना तांदूळ देतात. पण हेमंताच्या वर्णनात चरक चक्क नव्या तांदळाचा भात खायला सांगतो, त्याबरोबर दुधाचे पदार्थ, उसाचे पदार्थ, तेल आणि प्यायला गरम पाणी. कारण तेच, अग्नी पेलू शकतो. आणि हुरड्यापेक्षा नवं धान्य कुठलं? अजून दाण्यात दूध आहे, धाटावरून कणीस खुडून सरळ आगटीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी संक्रांतीच्या मागंपुढं हुरड्यात येते, म्हणजे वर्षातलं सगळ्यात नवं धान्य नेमकं तेव्हा येतं, जेव्हा पोट सगळ्यात जास्त पेलू शकतं.

गेल्या जानेवारीत मेहुण्यांच्या शेतावर गेलो होतो. खड्ड्याभोवती आम्ही दहा-बारा जण उकिडवे. गडी कणीस राखेतून काढायचा, दोन्ही तळव्यांत धरून चोळायचा, एकदा, दोनदा, मग सुपात पसरून फुंकर. कोंडा उडाला की खाली हिरवे, किंचित करपलेले, वाफाळणारे दाणे. त्याचे तळवे काळेभोर. माझे दोन कणसांतच भाजले आणि मी चोळायचं सोडून नुसतं खायला बसलो. बरोबर शेंगाचटणी, गूळ, दही, लिंबाएवढा लोण्याचा गोळा. मेहुण्यांच्या आईनं दोन वेळा बजावलं, "पाणी पिऊ नगा लगीच, ताक हाय." मग सगळ्यांना बांधावरून विहिरीपर्यंत चालवत नेलं, ऊस दाखवायच्या निमित्तानं. चांगला दीड-दोन किलोमीटरचा फेरा. त्या दिवशी संध्याकाळी मला कडकडून भूक लागली. लाडवाच्या तीन आठवड्यांत एकदाही लागली नव्हती.

वेळ अमावास्येलाही हाच मामला. जिल्ह्याच्या पूर्वेकडं, अक्कलकोट-बार्शीकडं आणि पुढं लातूर-धाराशिवात मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी, आंबील, उंडे, खीर. भज्जीत वाटाणा, हरभरा, तुरीचे दाणे, म्हणजे सगळी वात करणारी मंडळी एकाच भांड्यात. पण त्यांना बेसन-ताक, चिंच, लसूण, तेल यांच्या पहाऱ्यात शिजवलंय, आणि सोबत ज्वारीच्या पिठाची आंबवलेली आंबट आंबील. वाताच्या विरोधातली आंबट चव मडक्यात भरूनच ठेवलेली.

कुळथाबद्दल, म्हणजे आपल्या हुलग्याबद्दल, एकच वाक्य: हुलग्याचं माडगं वाटीभर, गरम, कपभर चहाच्या जागी घेऊन बघा, कफ-वाताला ते चांगलं मानलंय, ज्यांना पित्ताचा किंवा रक्तस्रावाचा त्रास आहे त्यांनी मात्र लांब राहावं.

दह्यावरून आमच्या घरी दर थंडीत भांडण होतं. बायकोचं म्हणणं, थंडीत दही बंद. बहुतेकांचं तेच म्हणणं असतं. मी मुद्दाम शोधलं. दही कधी वाईट, तर शरद, ग्रीष्म आणि वसंतात, असं संहितेत आहे. हेमंत आणि शिशिराचं नाव त्यात नाही. उन्हाळ्यात थंड म्हणून आपण ज्या दह्याच्या वाट्या ओरपतो, ते शास्त्राच्या मते गुणानं उष्ण आणि जड. उन्हाळ्यात चालतं ते ताक. म्हणजे थंडीत दुपारच्या जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताजं दही यात काही वावगं नाही. अटी मात्र आहेत: रात्री नको, तापवून नको, अर्धवट लागलेलं नको, आणि नुसतं नको, मुगाचं वरण, तूप, साखर, मध, आवळा यांपैकी कशाची तरी जोड हवी. हे सगळं वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "अटी बघितल्या तर बंदच झालं की!" भांडण चालू आहे.

न्याहारीबद्दल अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात फार सुंदर निरीक्षण आहे. रात्री मोठ्या असतात, म्हणून या दिवसांत माणूस सकाळीच भुकेला होतो. रात्री आठला जेवून दहाला झोपणाऱ्याला हे लगेच पटेल. रात्री अकराला जेवणाऱ्याला सकाळी भूक कुठून लागणार? माझं तेच होत होतं. म्हणून वैद्यबाईंनी लाडू बंद करायच्या आधी रात्रीचं जेवण साडेसातला आणलं. सकाळी खरी भूक लागायला सात-आठ दिवस गेले. मग न्याहारी सुरू झाली, पण चहा-खारीची नव्हे. एखादं धपाटं आणि लोणी, नाहीतर दुधात शिजवलेली गव्हाची खीर. चुरमुऱ्यांची सुशीला माझी आवडती, पण चुरमुरे म्हणजे हलके, कोरडे, सगळी हवाच. थंडीत ती केली तर दाणे आणि तेल सढळ हातानं घालतो आणि वर ओलं खोबरं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय, असं आईनं विचारलं. उपाशी राहून थंडीत फिरू नये, हे शास्त्र सांगतंच, पण तिचा उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याची आमटी आणि रताळं. त्याला मोजकं खाणं म्हणायला माझी जीभ धजली नाही.

किती खायचं याचं माप अष्टांगहृदयात आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक मोकळा, वाऱ्याला हलायला. थंडीत अन्न जड असतं म्हणून हा चौथा भाग भरून टाकायची परवानगी मिळत नाही. आणि आधीचं पचलं की नाही, याच्या खुणाही वैद्यबाईंनी मोजून दिल्या. ढेकर स्वच्छ, वास नसलेला. अंग हलकं. शौच-लघवी वेळेवर. कामाला उत्साह. आणि भूक-तहान स्वतःहून लागलेली. यातलं काहीच नसेल तर समोर डिंकाचा लाडू असो की च्यवनप्राश, त्यानं फक्त रांग वाढते.

मोठा डिंकाचा लाडू म्हणजे साधारण एका भाकरीची ऊर्जा, तीही न चावता, दोन घासांत. मी रोज तीन भाकऱ्या जादा खात होतो आणि तक्रार घेऊन वैद्याकडं गेलो होतो! गुळाबद्दलही एकदाच स्पष्ट बोलतो. गूळ ही बहुतांशी साखरच. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यांच्या रक्ताला गूळ आयुर्वेदिक आहे की नाही हे कळत नाही. संक्रांतीला त्यांच्या ताटात गूळ-दाण्याची शेंगापोळी चतकोर पडते, तीही भाकरी कमी करून आणि डॉक्टरांना विचारून. किडनीचा, हृदयाचा आजार असलेल्यांनी, गोळ्या चालू असलेल्यांनी हेमंताचा श्लोक ऐकून आपलं पथ्य मोडू नये. तो श्लोक "बलिनां" आहे.

मला आता लाडू मिळतो. एक, सकाळी, कंबर तलावापर्यंत चालून आल्यावर, आणि भूक असेल तर. नसेल त्या दिवशी गरम पाणी आणि सुंठेचा तुकडा.

राहता राहिलं, हे कधी थांबवायचं. पंचांगात हेमंत म्हणजे मार्गशीर्ष-पौष, शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. शिशिरातही हेच चालू ठेवायला सांगितलंय, कोरडेपणा वाढतो म्हणून. पण याच काळात कफ आत साठत असतो आणि वसंतातल्या उन्हानं तो पातळ होऊन वर येतो. सर्दी, खोकला, अंग जड, भूक मंद. सोलापुरात तर फाल्गुन लागायच्या आतच दुपारी पंख्याचं बटण दाबावं लागतं. शिशिर पंचांगात असतो, अंगणात नसतो. म्हणून पंचांगापेक्षा हवेची खूण धरायची. एक ऋतू जाताना आणि दुसरा येताना मधले १४ दिवस दिलेले आहेत, सरत्या ऋतूचे सात आणि येत्या ऋतूचे सात. त्यात जुनं हळूहळू सोडायचं आणि नवं हळूहळू धरायचं. आज लाडू आणि उद्यापासून काकडी, असं नाही.

आजी हे महाशिवरात्रीच्या सुमारास करायची. डब्यात उरलेले चार-पाच लाडू शेजारच्या बाळंतिणीला पाठवून द्यायची. आम्ही रडलो तरी ऐकायची नाही. मग डबा घासून उन्हात पालथा घालायची, कारण पुढच्या आठवड्यात त्यात शेवया भरायच्या असायच्या.